‘कागदपत्रे अपुरी’ : एका सल्ला केंद्रातलं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका सल्ला व मार्गदर्शन केंद्रातलं आहे. केंद्राचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तिथं नोकरीला नव्हते. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी गेले, तेव्हा समन्वयक ताईंनी नोंदवह्या पुढं ठेवल्या आणि म्हणाल्या, "हे आधी बघा, मग काय शिकवायचं ते ठरवा." पुढं सगळ्यांशी बोलून ही मांडणी केली. ज्या बाईंचं हे प्रकरण आहे त्यांना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी काही दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत.

पार्श्वभूमी

केंद्र शहराच्या पूर्व भागात आहे. विडी आणि यंत्रमागावर जगणारा, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारा हा भाग. विडी वळणाऱ्या बायकांची भविष्यनिर्वाह निधीची प्रकरणं अडकायची. आधारवर एक नाव, कारखान्याच्या वहीत दुसरं आणि बँकेत तिसरं. विधवांचं निवृत्तिवेतन त्यामुळं वर्षानुवर्षं सुटायचं नाही. त्यातून हे केंद्र उभं राहिलं, आणि त्या कामात ते खरोखर चांगलं आहे. विड्या कारखान्यात देऊन बाया मोकळ्या होतात ती वेळ धरून केंद्र उघडतं. अर्ज तेलुगूत वाचून दाखवतात. अंगठा देणाऱ्या बाईला कुणी हसत नाही. कागद नसला तरी "बसा मावशी, बघू काय करायचं ते" असं म्हणून आत घेतात.

नंतर काम वाढलं. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, दाखले, कौटुंबिक हिंसाचार असं सगळंच आलं आणि पाटीवर ‘सर्वांसाठी खुले’ लिहिलं गेलं. नोंदणीच्या टेबलावर एक ताई बसतात. आत दोन सल्लागार: एक रोजचे, दुसरे दाखले आणि शिष्यवृत्तीचं बघणारे, ते तेव्हा फक्त मंगळवारी यायचे.

बाई फासेपारधी समाजाच्या, पस्तिशीच्या आसपासच्या. अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला गायरानावर वस्ती, सासर मूळचं मोहोळ तालुक्यातलं. नवरा भंगार गोळा करतो, बाई बाजारात किरकोळ माल विकतात. त्यांची मुलगी आश्रमशाळेतून दहावी पास झाली होती. त्या वस्तीतली दहावी झालेली ती पहिली मुलगी. तिला सायन्स घेऊन नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अकरावीचा प्रवेश, आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज आणि शिष्यवृत्ती ही कामं एकामागोमाग करायची होती, तीही निकालानंतरच्या थोड्या दिवसांत.

सोलापुरात पारधी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढं याच कायद्याच्या सुधारित रूपाखाली सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. हजेरी देऊन कामाला जायचं आणि परत आत यायचं. देशभरातून हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, पण त्या भागाला शहर अजून ‘सेटलमेंट’च म्हणतं. आपल्या बाई काही सेटलमेंटच्या नाहीत. टेबलापलीकडच्या माणसाला मात्र हा फरक दिसत नाही.

दाखल्याबद्दल थोडं तपशिलात सांगते, कारण पुढची चूक त्यावाचून कळणार नाही. महाराष्ट्रात फासेपारधी ही अनुसूचित जमात आहे. राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींच्या यादीत येतात. नावं जवळची, पण रस्ते वेगळे. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा बघतात, विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. खातं वेगळं, वसतिगृह वेगळं. दाखला प्रांत (उपविभागीय अधिकारी) देतात, तेही मूळ गाव ज्या उपविभागात येतं तिथले. पुरावा लागतो तो मुलीच्या वडिलांकडचा. आईच्या माहेरचे कागद कितीही जुने असले तरी उपयोगाचे नाहीत. ही सगळी माहिती मंगळवारच्या सल्लागारांना तोंडपाठ होती. बाई त्यांच्यापर्यंत पोचल्या असत्या तर चहा थंड व्हायच्या आत सांगून झालं असतं.

अडचण

पहिल्या खेपेला बाई मुलीला घेऊन आल्या. नोंदणी ताईंनी विचारलं, "कुठनं आलीस?" बाईंनी वस्तीचं नाव सांगितलं. ताईंनी टेबलावरचा मोबाइल उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला, पर्स खुर्चीमागून काढून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "गठुडं बाहेर ठेव." मग आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्सा आणि "तुझे जुने कागद" घेऊन ये म्हणाल्या. मुलगी काही सांगायला गेली, तर "आधी कागद आण, मग बोलू." नोंदवहीत नाव, वस्ती आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘कागदपत्रे अपुरी’.

रांगेत मागं विडी कामगार बाई होत्या. त्यांच्याकडं ना आधार होतं ना पासबुक. त्यांना "आत जा अक्का" म्हणून लगेच पाठवलं. हे पुढं महत्त्वाचं ठरलं.

‘तुझे जुने कागद’ हे बाईंनी शब्दशः घेतलं. त्या माहेरी गेल्या, भावाच्या पेटीतून सापडले ते कागद आणले. जायचा-यायचा खर्च झाला, बुडालेली मजुरी वेगळी, आणि हाती आलं ते सगळं बिनकामाचं.

दुसऱ्या खेपेला दाखल्यांचे सल्लागार नव्हते. "मंगळवारी ये" असं सांगितलं. मंगळवार हा बाईंचा बाजाराचा दिवस. तरी त्या आल्या. नंबर आला की फोन करतो म्हणाले, पण बाईंकडं स्वतःचा फोन नव्हता. पंखे आणि बाकं हॉलमध्ये होती, बाईंना मात्र बाहेर लिंबाखाली बसायला सांगितलं. आतून पुकारा झाला तो बाहेर ऐकू गेला नाही. संध्याकाळी केंद्र बंद होताना सल्लागार बाहेर आले. त्यांनी स्कूटरला किक मारता मारता सांगितलं, "पारधी ना? समाजकल्याणला जावा." मग मुलीकडं बघून, "अकरावी करून काय करणार? शिवणक्लासला घाल की, हाताला काम तरी लागेल."

एवढ्या दोन वाक्यांत दोन वेगवेगळी नुकसानं झाली. पहिलं म्हणजे पत्ता चुकीचा. फासेपारध्यांचं वसतिगृह आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडं असतं. सल्लागारांना हे माहीत होतं, पण फासे की राज, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं. भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंद दार येतं. इथं सल्ला मिळाला, फक्त तो त्या मुलीच्या गुणपत्रिकेवरून दिलेला नव्हता, तिच्या जातीवरून दिला होता. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली समाजातली तेवढ्याच गुणांची मुलगी समोर असती तर त्याच सल्लागारांनी "बायोलॉजी सोडू नको" असं सांगितलं असतं, हे त्यांनी स्वतः मला नंतर कबूल केलं.

बाई समाजकल्याणच्या कार्यालयात गेल्या, तिथून परत फिरल्या. तिथंच बाहेर एक एजंट भेटला. प्रतिज्ञापत्राला शंभराचा मुद्रांक लागतो म्हणून त्यानं पैसे घेतले, वर लिहिणावळ घेतली. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. केंद्रातून परत गेलेला माणूस घरी जाऊन बसत नाही. तो एजंटाच्या टपरीवर जातो.

केंद्राच्या दप्तरात या सगळ्याचा मागमूस नाही. तक्रार नाही, वाद नाही. एक ‘कागदपत्रे अपुरी’, एक ‘सल्ला दिला’ आणि मासिक अहवालात ‘निकाली’.

हे बाहेर कसं आलं

बाईंनी तक्रार केली नव्हती. का केली नाही असं मी विचारलं, तर त्या उलट मलाच म्हणाल्या, "कुणाकडं? त्या ताईकडंच की."

सांगितलं ते रांगेतल्या विडी कामगार अक्कांनी. आपल्या कामासाठी पुन्हा आल्या तेव्हा समन्वयकांना थेट म्हणाल्या, "ताई, त्या पारधिणीला का परतवलं? माझ्याजवळ तरी कुठं कागद होता? मला तर आत घेतलं." समन्वयकांना आधी वाटलं, काहीतरी गैरसमज असेल. मग त्यांनी नोंदवही काढली. दोघींची नावं एकाखाली एक होती. काम एकाच तऱ्हेचं, कागद दोघींकडंही नव्हते. शेरे मात्र वेगळे.

समन्वयकांनी इथं एक चांगली गोष्ट केली. त्यांनी तेवढ्याच पानावर न थांबता मागची पानं चाळली आणि फक्त पत्त्याचा रकाना व शेऱ्याचा रकाना शेजारी ठेवून वाचले. पारधी, कैकाडी वस्त्यांपुढं आणि पुलाखालच्या पालांपुढं ‘कागदपत्रे अपुरी’ वारंवार येत होतं, आणि त्यातली बहुतेक माणसं पुन्हा आलेली नव्हती. पूर्व भागातल्या पेठांपुढं हा शेरा क्वचित होता. वही तीच, रोज सगळ्यांच्या डोळ्यांखाली असलेली, पण कुणी ती अशी आडवी वाचली नव्हती.

कोणते पर्याय समोर होते

विश्वस्तांची बैठक झाली. त्यात चार-पाच सूचना आल्या. प्रत्येकीच्या मागं कुणाची ना कुणाची सोय होती.

नोंदणी ताईंना काढून टाकावं, ही पहिली सूचना. सगळ्यात सोपी. विश्वस्तांना हात झटकता आले असते. समन्वयकांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, कागद टेबलावरच मागायचे हा नियम ताईंनी केलेला नाही. कुणासाठी तो वाकवायचा हे तेवढं ताई ठरवत होत्या. दुसरं माणूस बसवलं तर तेही ठरवेल. शिवाय सल्लागारांना कोण काढणार? ते मानधन न घेता येत होते, म्हणून त्यांच्याबद्दल बैठकीत कुणी ब्र काढला नाही. मला विचाराल तर मोठा दोष त्यांच्याकडं होता.

ताईंची बाजूही ऐकली गेली. त्या विडी कामगाराच्या घरातल्या. पूर्वी एकदा टेबलावरून फोन चोरीला गेला होता. चोर सापडला नाही. "मग पारध्यानंच नेला हे कशावरून?" असं विचारल्यावर त्या गप्प बसल्या. शाळेत असताना तेलुगू वळणाच्या मराठीवरून मुली आपल्याला चिडवायच्या, हे त्यांनीच सांगितलं. पण ती आठवण काढून त्या या प्रकरणाशी जोडायला तयार नव्हत्या, आणि कुणी तसा आग्रह धरला नाही ते बरं झालं.

दुसरी सूचना: पारध्यांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा. "त्यांनाही मोकळं वाटेल" असं एक विश्वस्त म्हणाले. देणगीदारांना सांगायलाही छान. यावर बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मोकळं नेमकं कुणाला वाटणार होतं? इतर दिवशी आलेल्या पारधी बाईला "तुमचा दिवस आज नाही" म्हणायला टेबलाला आयता नियम मिळाला असता. विडी कामगारांची वेळ सांभाळण्यासाठी केंद्र आपलं वेळापत्रक बदलतं, मग यांच्यासाठी का नको, हा प्रतिवादही आला. फरक असा की विडी कामगारांसाठी वेळ बदलताना बाकीच्यांना त्या वेळी मज्जाव केला नव्हता. शेवटी वेगळा दिवस नको, पण सल्लागारांनी बाजाराचा दिवस सोडून आणखी एका दिवशी यावं आणि महिन्यातून एकदा वस्तीवर जावं, असं ठरलं.

तिसरी सूचना: पारध्यांमध्ये काम करणाऱ्या संघटनेकडं हे प्रकरण सोपवावं. ऐकायला योग्य वाटतं. पण असं सोपवलं की ‘ज्याचे त्याने बघावे’ हाच नियम होतो, आणि पाटीवरचं ‘सर्वांसाठी’ पुसावं लागतं. संघटनेची मदत घ्यायची, प्रकरण मात्र केंद्रानं सोडायचं नाही, हे समन्वयकांनी लावून धरलं.

चौथा मुद्दा कुणालाच काढायचा नव्हता. बाईंना कायदेशीर तक्रारीचा हक्क आहे, हे त्यांना सांगायचं की नाही? भेदभावाविरुद्धचा एकच एक सर्वसमावेशक कायदा आपल्याकडं नाही. खासगी न्यासाच्या सल्ला केंद्रानं कुणाला डावललं तर नेमकं कुठं जायचं, हे सरळ सांगता येत नाही. पण दुसऱ्या खेपेला हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, ताई असंही म्हणाल्या होत्या की "तुमच्यातलं कुणी आलं की टेबल आवरून ठेवायला लागतं." अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 मध्ये लोकांसमोर हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा आहे. हे वाक्य त्यात बसतं की नाही हे कोर्ट ठरवेल. केंद्रानं ते आपल्याच सोयीनं ठरवू नये, असं समन्वयकांचं मत पडलं. एका विश्वस्तांनी उठून विचारलं, "आपणच आपल्यावर केस करायला सांगायची का?"

यातली अडचण खरी होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानंच तक्रारदाराला सल्ला देणं बरोबर नाही. त्यावर मार्ग निघाला तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाईंकडं जमातीचा दाखला नव्हता, पण स्त्री म्हणून मिळणाऱ्या हक्काला दाखला लागत नाही. अत्याचार कायद्याच्या तक्रारीत मात्र ठाण्यावर पहिला प्रश्न जातीच्या दाखल्याचाच येतो. जो कागद मिळवायला बाई आल्या आणि त्या वाटेवर अपमान झाला, त्या अपमानाची दाद मागायलाही तोच कागद.

काय केलं

आधी भेट. समन्वयक आणि एक विश्वस्त विश्वस्तांच्या पांढऱ्या जीपमधून वस्तीवर गेले. जीप गायरानात वळताच पुरुष पलीकडच्या ओढ्याकडं पळाले, बायका पालांत शिरल्या, आणि दहा-बारा वर्षांचा एक पोरगा पुढं येऊन म्हणाला, "घरात कुणी न्हाई." पांढरी जीप आली म्हणजे पोलीस, हे त्या वस्तीला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी काहीच बोलणं झालं नाही. नंतर आश्रमशाळेच्या गुरुजींना बरोबर घेऊन, चालत गेले, तेव्हा बाई भेटल्या. समन्वयकांनी माफी मागितली, बाईंनी मध्येच तोडलं, "माफी ऱ्हाऊ द्या ताई. पोरीचं नाव कवा लागतंय ते सांगा."

म्हणून दाखल्याचं काम पहिलं घेतलं. मुलीच्या वडिलांकडचं कुणी शाळेत गेलेलं नव्हतं, घर नाही, जमीन नाही, सातबारा नाही. आधारवर वडिलांची जन्मतारीख 1 जानेवारी, म्हणजे कुणीतरी अंदाजानं घातलेली. सल्लागारांनी (हो, तेच सल्लागार) तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मूळ गावचं कोतवाल बुक बघायला घेतलं. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. वडिलांच्या आज्याच्या भावाच्या मृत्यूची नोंद निघाली, पण मोडीत. मोडी वाचणारा शोधला, लिप्यंतर करून घेतलं. जातीच्या जागी ‘फासेपारधी’ स्पष्ट होतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर केलं. अर्ज सोलापूर शहरात न देता मूळ गावच्या उपविभागात दिला, पोच घेतली. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे मुदत उलटली तर अपील करता येतं, आणि अपिलाला ती पोच लागते.

याच काळात बाई प्राधिकरणाच्या वकीलबाईंना भेटल्या. केंद्राचं कुणी बरोबर नव्हतं, गुरुजी गेले होते. तक्रारीचे फायदे-तोटे त्यांनी समजून घेतले आणि तक्रार न करायचं ठरवलं. कारण सांगितलं ते एवढंच, की ठाण्याची पायरी आपण होऊन चढायची नाही. केंद्रातल्या काहींनी यावर सुटकेचा निश्वास टाकला. त्याची नोंद इथं करायला समन्वयकांनीच सांगितलं.

केंद्रातले बदल दिसायला किरकोळ होते. टेबलावर आता फक्त नाव आणि काम विचारतात, कागद आत, सल्लागारांसमोर. ‘कागदपत्रे अपुरी’ हा शेरा बंद केला. कोणता कागद, तो कुठं मिळेल आणि कोण मदत करणार, हे लिहावं लागतं, आणि त्याची चिठ्ठी माणसाच्या हाती द्यावी लागते. पुकारा बाहेरही करतात. सगळ्यांना ‘तुम्ही’. टेबलावरचा मोबाइल कुणीही आलं तरी ड्रॉवरमध्येच. हा शेवटचा नियम ताईंनी सुचवला.

खरी डोकेदुखी जात नोंदवायची की नाही, यावर झाली. नोंदवली नाही तर भेदभाव मोजता येत नाही. टेबलावर विचारली तर जो प्रश्न विचारल्यामुळं सगळं घडलं तोच पुन्हा. पत्त्यावरून अंदाज बांधला तर तोही आपला पूर्वग्रहच. शेवटी असं ठरलं की सल्ला देऊन झाल्यावर, आत, माणसाची तयारी असेल तरच विचारायचं आणि वेगळ्या कागदावर नावाशिवाय नोंदवायचं. हा तोडगा परिपूर्ण नाही. बरेच लोक नको म्हणतात, आणि बहुधा तेच लोक नको म्हणतात ज्यांची नोंद हवी असते.

निष्पत्ती

दाखला मिळाला. पण तोवर प्रवेशाच्या नेहमीच्या फेऱ्या संपल्या होत्या आणि वसतिगृहाच्या त्या वर्षीच्या जागा भरल्या होत्या. मुलीला शेवटच्या फेरीत कला शाखेत प्रवेश मिळाला. सायन्सची जागा होती ती लांबच्या कॉलेजात, आणि वसतिगृहाशिवाय तिथं राहणं शक्य नव्हतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत गेला. तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, ती अडचण नव्हती. बी.एस्सी. नर्सिंगचा रस्ता कला शाखेतून बंद होतो, जीएनएम या नर्सिंग पदविकेचा होत नाही. हे सल्लागारांनी तिला कागदावर मांडून दाखवलं. ती ‘बघते’ म्हणाली. पुढं व्यावसायिक प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागेल, त्याचे कागद आताच एका फायलीत लावून दिले आहेत.

वडिलांच्या भावकीतल्या इतर मुलांना आता हीच कोतवाल बुकातली नोंद वापरता येईल. वस्तीतून केंद्रात येणारे वाढले आहेत, पण ते बहुतेक गुरुजींची चिठ्ठी घेऊन येतात. चिठ्ठीशिवाय येत नाहीत, याचा अर्थ केंद्रावर विश्वास बसलाय असं मी तरी म्हणणार नाही.

नोंदणी ताई टेबलावरच आहेत. सल्लागारही आहेत. त्यांनी वस्तीवर जाणं सुरू केलं, मात्र पहिले काही महिने ते हात राखून, उभ्या उभ्या बोलत होते असं बाई सांगतात. आता बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

समन्वयकांनी अक्कांचं ऐकून वही उघडली, हे कौतुकाचं. पण वही दर महिन्याला त्यांच्याच सहीनं पुढं जात होती. जे लोक पहिल्या खेपेनंतर परत येत नाहीत त्यांची यादी काढून दोघा-चौघांकडं चौकशी केली असती, तरी हे खूप आधी कळलं असतं. ‘निकाली’ या रकान्यात कामं झालेली माणसं आणि कंटाळून गेलेली माणसं एकत्र मोजणं बंद व्हायला हवं. ते अजून झालेलं नाही, कारण अहवालाचा नमुना देणगीदाराचा आहे.

दुसरं, दोन सल्लागारांपैकी रोज येणाऱ्यांना दाखल्यांचं किमान ज्ञान द्यायला हवं होतं. फासे की राज, मूळ गाव कुठलं, वडिलांकडचा कुठला कागद आहे, हे तीन प्रश्न कुणालाही शिकवता येतात. एका माणसावर आणि एका वारावर सगळं टांगून ठेवलं की ज्याला तो वार जमत नाही तो आपोआप बाहेर पडतो. त्याला जात विचारायचीसुद्धा गरज पडत नाही.

माफीची घाई झाली, असं मला वाटतं. जीपचा प्रसंग टाळता आला असता. वस्ती कुणाला ओळखते हे आधी विचारलं असतं तर गुरुजींचं नाव पहिल्याच वेळी निघालं असतं. समन्वयकांना हे पटत नाही. त्यांच्या मते उशीर झाला असता तर आणखी एक फेरी हुकली असती. पण जीपमुळं जे दिवस गेले ते धरले तर वेळ वाचला असं म्हणता येत नाही.

विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईंना पाठवलं ते योग्यच, फक्त क्रम उलटा हवा होता. दाखल्याचं काम केंद्राच्या हातात असताना त्याच केंद्राविरुद्ध तक्रार करायची की नाही, हे बाईंना ठरवावं लागलं. त्यांनी ठाण्याचं कारण सांगितलं. दाखला अडकेल ही भीती मनात होती का, असं वकीलबाईंनी विचारायला हवं होतं. मी विचारलं, तेव्हा बाई हसल्या आणि विषय बदलला. वकीलबाईंची भेट दाखला हाती पडल्यावर ठेवली असती, किंवा दाखल्याचं काम तेवढ्यापुरतं संघटनेकडं दिलं असतं, तर त्यांचा निर्णय कदाचित तोच राहिला असता, पण तो मोकळेपणानं घेतलेला असता.

तक्रारपेटी लावायचं विश्वस्तांच्या मनात आहे. लिहिता न येणाऱ्या माणसांसाठी पेटी लावून काय होणार, हे त्यांना पटवणं चालू आहे. त्याऐवजी आश्रमशाळेतल्या नववीच्या मुलांचे कागद दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच गोळा करायला घ्यावेत, असा गुरुजींचा आग्रह आहे. म्हणजे दहावीचा निकाल लागतो तेव्हा दाखला हातात असेल आणि मुलाला सल्ला केंद्राच्या टेबलाशी पहिल्यांदा उभं राहावं लागेल ते कुठली शाखा घ्यायची हे विचारायला. सल्लागारांनी त्यासाठी शनिवार देऊ केला आहे. कोतवाल बुकांच्या नकलांचा खर्च कुणी करायचा, यावर घोडं अडलं आहे.